बोली-मुद्रणासाठी वीजपुरवठ्याची भारपरीक्षा
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील क्षेत्रकार्याच्या संदर्भात

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. काटकरी, वारली व ठाकरी या बोलींचे नमुने त्यात आहेत. त्या वेळच्या संग्राहकापाशी कागद आणि टाक एवढीच साधने होती. बोलणाऱ्याने जे उच्चारले त्यातले किती लिपीत उतरले आणि किती निसटले, हे तपासण्याचा मार्ग आज उरलेला नाही. १९६० च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी ग्रंथमाला हाती घेतली, तीत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र ग्रंथ आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात ध्वनिमुद्रणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. सारांश, बोलीच्या अभ्यासकाचा मुख्य पुरावा आता कागदावर नसून ध्वनिमुद्रणात असतो, आणि ध्वनिमुद्रण विजेवर अवलंबून असते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांत हे अवलंबन विशेष जाणवते. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा, मोडकसागर व भातसा ही जलाशये शहापूर तालुक्यात आहेत. किन्हवली, डोळखांब, कसारा या बाजूंचे पाडे, तसेच मुरबाडकडील सिद्धगड, गोरखगड व नाणेघाट यांच्या पायथ्याचे पाडे वीजवाहिनीच्या अगदी टोकाला पडतात. तेथे महादेव कोळी, ठाकूर, वारली व काटकरी समाजांची वस्ती आहे. काटकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यामुळे एखादी वृद्ध काटकरी स्त्री आपल्या पाड्यावर स्वस्थपणे बसून कहाणी सांगू शकेल, असे दिवस वर्षातून थोडेच मिळतात. त्या दिवशी बॅटरी मध्येच बसली, तर झालेले नुकसान पुढच्या फेरीत भरून निघेलच असे नाही.

यास्तव क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी बॅटरी, पॉवर बँक व अ‍ॅडॅप्टर यांची परीक्षा करून घेणे हा संशोधनपद्धतीचाच भाग मानला पाहिजे. ही परीक्षा करणारे उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक भार. तो थोड्या खर्चात व थोड्या कौशल्याने विभागातच तयार करता येतो. त्याचे तत्त्व, घडण व उपयोग यांचे विवेचन पुढे केले आहे.

१. 'भार' म्हणजे काय

विजेसंबंधी 'भार' हा शब्द मराठीत सर्वतोमुखी झाला तो 'भारनियमन' या सामासिक शब्दामुळे. वायरमनच्या बोलीत मात्र 'लोड' हाच शब्द चालतो. बैठकीवर टेकून बसण्याचा 'लोड' आणि हा 'लोड' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तांत्रिक अर्थाने, वीजपुरवठ्यातून प्रवाह घेणारी कोणतीही वस्तू हा त्या पुरवठ्यावरील भार होय. दिवा हा भार आहे, पंखा हा भार आहे, ध्वनिमुद्रक हाही भार आहे. मात्र व्यवहारात 'भार वाढला' असे म्हणताना वस्तू अभिप्रेत नसून तिने घेतलेला प्रवाह अभिप्रेत असतो. प्रस्तुत विवेचनात 'भार' हा शब्द वस्तूसाठी आणि 'प्रवाह' हा शब्द राशीसाठी योजला आहे.

भाराशिवाय केलेली परीक्षा फसवी का ठरते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक बॅटरीच्या पोटात काही रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. बॅटरीतून प्रवाह वाहत नसेल तेव्हा या रोधामुळे दाबात काहीच घट होत नाही. म्हणून जुनी, जवळजवळ निकामी झालेली शिसे-आम्ल बॅटरीदेखील मल्टिमीटरला १२.६ व्होल्ट दाखवू शकते. तिच्यावर १ अँपिअरचा भार टाकल्यावर दाब १२.२ वर आला, तर अंतर्गत रोध ०.४ ओहम आहे असे समजावे. दाब ९ व्होल्टवर कोसळला, तर तो ३.६ ओहम आहे आणि ती बॅटरी क्षेत्रकार्याच्या उपयोगाची नाही. निर्भार अवस्थेत दोघींची साक्ष एकच होती, त्यांच्यातील भेद भाराखाली उघड झाला. सुटा शब्द विचारला असता वक्ता जो उच्चार करतो तो सलग बोलण्यात टिकतोच असे नाही, हा बोलीअभ्यासकाचा नित्याचा अनुभव येथे आठवावा.

२. दिवा व रोधक यांच्या मर्यादा

भार म्हणून मोटारीचा दिवा वापरण्याची पद्धत जुनी आहे. १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा पूर्ण दाबावर १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. परंतु त्याची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या अवस्थेतील रोधाच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. त्यामुळे जोडणीच्या क्षणी प्रवाहाचा मोठा धक्का बसतो आणि एखादा निर्दोष अ‍ॅडॅप्टरदेखील स्वसंरक्षणार्थ बंद पडतो. शिवाय दिव्याने घेतलेला प्रवाह हवा तसा कमीजास्त करता येत नाही.

स्थिर रोधकाने धक्क्याचा दोष टळतो, पण दुसरा उत्पन्न होतो. १२ ओहमचा रोधक १२.६ व्होल्टला १.०५ अँपिअर घेतो आणि बॅटरी १०.५ व्होल्टवर आली की ०.८७५ अँपिअरच घेतो. परीक्षेच्या काळात प्रवाह असा सतत घटत राहिल्याने बॅटरीने एकूण किती अँपिअर-तास दिले, हे काढण्यास पदोपदी नोंदी व बेरजा कराव्या लागतात.

प्रवाह जर आरंभापासून अखेरपर्यंत एकच ठेवता आला, तर गणित एका गुणाकाराचे होते. प्रवाह गुणिले काळ म्हणजे धारणक्षमता. दाब कितीही उतरला तरी ठरविलेला प्रवाह कायम राखणारी योजना म्हणजे स्थिर-प्रवाह इलेक्ट्रॉनिक भार होय. पाटावरचा शेतकरी पाण्याची पातळी उतरू लागली की दार थोडे अधिक उघडतो आणि दांडातले पाणी सारखे ठेवतो. तेच काम येथे एक ट्रान्झिस्टर व त्यावर पाळत ठेवणारा एक विवर्धक मिळून करतात.

३. मंडलाची रचना

परीक्षणीय बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह प्रथम ३ अँपिअरच्या फ्यूजमधून जातो, नंतर आयआरएफझेड ४४ एन या मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या ड्रेनमध्ये शिरतो, सोर्समधून बाहेर पडतो आणि ०.५ ओहमच्या मापक रोधकातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. हा मापक रोधक १ ओहम, ५ वॉटचे दोन रोधक समांतर जोडून करावा. त्यातून १ अँपिअर वाहिला की त्याच्या दोन टोकांत ०.५ व्होल्ट दाब दिसतो, २ अँपिअरला १ व्होल्ट दिसतो. प्रवाहाचे असे दाबात रूपांतर झाले की त्याची तुलना करणे सुकर होते.

तुलना करण्याचे काम एलएम ३५८ या चकतीतील एका ऑप-अँपकडे आहे. त्याच्या धन आगमनाला इच्छित प्रवाहाचा निदर्शक दाब द्यावयाचा आणि ऋण आगमनाला मापक रोधकावरचा प्रत्यक्ष दाब. ऑप-अँपचे निर्गमन २२० ओहमच्या रोधकातून मॉसफेटच्या गेटला जोडावयाचे. प्रत्यक्ष प्रवाह इच्छित प्रवाहाहून कमी असेल, तर निर्गमनाचा दाब चढतो, मॉसफेट अधिक उघडतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह जास्त झाला तर याच्या उलट क्रिया घडते. दोन्ही दाब समान होतील तेथे मंडल स्थिरावते. या समतोलात बॅटरीच्या दाबाचा कोठेच प्रवेश नाही, म्हणूनच बॅटरी उतरत गेली तरी प्रवाह ढळत नाही.

निदर्शक दाबासाठी टीएल ४३१ हा संदर्भघटक योजावा. त्याला ९ व्होल्टच्या बॅटरीतून २.२ किलोओहमच्या रोधकामार्गे प्रवाह दिला की तो २.५ व्होल्टचा स्थिर दाब देतो. या दाबावर १५ किलोओहमचा रोधक आणि १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर एकापुढे एक जोडले असता पोटेन्शिओमीटरवर ० ते १ व्होल्ट मिळतो. त्याची खुंटी फिरविली म्हणजे भाराचा प्रवाह ० ते २ अँपिअर या मर्यादेत बदलता येतो.

एलएम ३५८ निवडण्याचे कारण असे की, तो एकाच पुरवठ्यावर चालतो आणि त्याची आगमने शून्य दाबापर्यंत काम करतात. त्याचा एक दोषही लक्षात ठेवला पाहिजे. त्याच्या दोन आगमनांत ७ मिलिव्होल्टपर्यंत मूळचीच तफावत असू शकते. मापक रोधक ०.१ ओहमचा घेतला असता, तर या तफावतीमुळे प्रवाहात ७० मिलिअँपिअरची चूक झाली असती. ०.५ ओहमच्या रोधकामुळे ती १४ मिलिअँपिअरवर येते. रोधक जितका मोठा तितकी चूक लहान, पण तितकी त्यात उष्णताही अधिक. येथे स्वीकारलेले मूल्य हा त्या दोहोंमधला मध्यम मार्ग आहे. खुंटीभोवतीच्या आकड्यांवर विसंबून न राहता प्रत्येक परीक्षेच्या आरंभी मल्टिमीटर ओळीत जोडून खरा प्रवाह पाहावा आणि मगच खुंटी स्थिर करावी, म्हणजे ही उरलेली चूकही बव्हंशी नाहीशी होते.

मंडलास लागणारी वीज परीक्षणीय बॅटरीतून घेऊ नये. ती बॅटरी उतरू लागली की परीक्षकच दुबळा होतो. येथे सर्व मिळून काही मिलिअँपिअरच लागत असल्याने ९ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी पुरेशी होते. तिच्यामुळे हे उपकरण भिंतीवरच्या विजेपासून पूर्णपणे अलग राहते. त्याचे महत्त्व पुढे गुणगुणीच्या परीक्षेत दिसून येईल.

४. स्थैर्य व उष्णता

मॉसफेटचे गेट हे विजेच्या दृष्टीने एक धारित्र असते. ते भरण्यास काही काळ लागतो. त्या विलंबामुळे ऑप-अँपची दुरुस्ती उशिरा पोचते, ती गरजेपेक्षा अधिक होते, मग उलट दिशेने तीच चूक घडते आणि प्रवाह स्थिर होण्याऐवजी वेगाने आंदोलने करू लागतो. मल्टिमीटरला हे दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवितो. यावर उपाय सोपा आहे. मापक रोधकापासून ऋण आगमनाकडे येणाऱ्या वाटेत १० किलोओहमचा रोधक घालावा, आणि ऑप-अँपचे निर्गमन व तेच ऋण आगमन यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचे धारित्र जोडावे. त्यामुळे ऑप-अँप थोडा सावकाश होतो. तासन्‌तास चालणाऱ्या परीक्षेत या सावकाशीने काही बिघडत नाही.

खरी चिंता उष्णतेची आहे. बॅटरीतून घेतलेली सर्व शक्ती शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. १२ व्होल्ट व २ अँपिअर म्हणजे २४ वॉट. त्यातील २ वॉट मापक रोधकात जातात, उरलेले २२ मॉसफेटमध्ये. मॉसफेटच्या गाभ्यापासून त्याच्या पाठीपर्यंत १.५, पाठीपासून हीट सिंकपर्यंत ०.५ आणि मध्यम आकाराच्या हीट सिंकपासून हवेपर्यंत २.५, असा एकूण ४.५ अंश सेल्सिअस प्रतिवॉट इतका उष्णतेचा मार्गरोध धरावा. २२ वॉटला गाभा हवेपेक्षा ९९ अंशांनी अधिक तापेल. मे महिन्यात मुरबाडला हवा ४० अंश असताना तो १३९ अंशांवर जाईल. या मॉसफेटची अंतिम मर्यादा १७५ अंश असली, तरी तो दीर्घकाळ टिकावा म्हणून १२५ अंशांपलीकडे जाऊ नये. तसे ठरविल्यास या हीट सिंकवर १९ वॉटहून कमीच शक्ती सोसता येते.

जुन्या संगणकातील प्रोसेसरवरचा पंख्यासहित हीट सिंक मिळाला तर हा प्रश्न सुटतो. त्याचा मार्गरोध ०.७ धरल्यास एकूण २.७ होतो आणि गाभा सुमारे १०० अंशांवर राहतो. असा हीट सिंक व वरील सर्व भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. मॉसफेटची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणून हीट सिंकवरही बॅटरीचा धन दाब येतो, हे विसरू नये. तो धातूच्या पेटीला टेकता कामा नये.

आणखी एक सूचना. आजचे बहुतेक मॉसफेट झटपट चालू-बंद होण्यासाठी घडविलेले असतात. त्यांना अर्धवट उघड्या स्थितीत दीर्घकाळ ठेवले आणि दाब जास्त असला, तर गाभ्याचा एखादा बिंदू इतरांहून अधिक तापतो, अधिक तापल्यामुळे तो अधिक प्रवाह ओढतो आणि शेवटी तेथेच तो जळतो. म्हणून या उपकरणावर १५ व्होल्टपलीकडची परीक्षा करू नये. अधिक शक्ती हवी असल्यास दोन मॉसफेट नुसते समांतर जोडून चालत नाही, कारण कोणतेही दोन मॉसफेट सारख्याच दाबाला उघडत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा मापक रोधक व स्वतःचा ऑप-अँप द्यावा लागतो.

५. वेळीच थांबणे

बॅटरी अगदी रिकामी होईपर्यंत परीक्षा चालू ठेवली, तर परीक्षेनेच बॅटरीचा नाश होतो. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी १०.५ व्होल्ट, निकेल-मेटल-हायड्राइडच्या प्रत्येक सेलसाठी १ व्होल्ट आणि लिथियम-आयनच्या सेलसाठी सर्वसाधारणपणे ३ व्होल्ट ही थांबण्याची स्थाने मानावीत. रात्रभर चालणाऱ्या परीक्षेत माणसाचा डोळा लागणारच, म्हणून थांबण्याचे काम मंडलाकडेच सोपवावे.

एलएम ३५८ च्या चकतीत दुसरा ऑप-अँप रिकामाच असतो. त्याच्या धन आगमनाला १० किलोओहममार्गे २.५ व्होल्टचा संदर्भ द्यावा. बॅटरीचा दाब २२ व १० किलोओहमचे दोन रोधक ओळीत आणि त्यांखाली १० किलोओहमचा एक रोधक अशा विभाजकातून ऋण आगमनाला द्यावा. दाब १०.५ व्होल्टवर उतरताच विभाजकावर बरोबर २.५ व्होल्ट उरतात. त्याखाली गेल्यावर दुसऱ्या ऑप-अँपचे निर्गमन चढते. ते एका डायोडमधून पहिल्या ऑप-अँपच्या ऋण आगमनाला जोडले असल्याने मॉसफेट बंद होतो.

येथे एक अडचण उद्भवते. भार सुटताच बॅटरीचा दाब पुन्हा वर येतो, मंडलाला ती भरलेली भासते, भार परत लागतो, आणि हा खेळ चालूच राहतो. म्हणून दुसऱ्या ऑप-अँपच्या निर्गमनापासून त्याच्याच धन आगमनाकडे एक डायोड व १० किलोओहमचा रोधक जोडावा. एकदा निर्गमन चढले की संदर्भही दुपटीच्या आसपास चढतो आणि बॅटरी कितीही सावरली तरी भार परत लागत नाही. अर्थात परीक्षणीय बॅटरी आधी जोडून मगच मंडलाला वीज द्यावी. क्रम उलटा झाल्यास मंडल आरंभीच बंद अवस्थेत अडकून राहते.

परीक्षा केव्हा थांबली हे कळण्यासाठी भिंतीवरचे सेलवर चालणारे साधे घड्याळ उपयोगी पडते. पहिल्या ऑप-अँपच्या निर्गमनापासून १.८ किलोओहमचा रोधक व त्यापुढे दोन सिलिकॉन डायोड ओळीत जोडल्यास डायोडांवर सुमारे १.३ व्होल्ट मिळतात. घड्याळातील सेल काढून त्या जागी हा दाब द्यावा व शेजारी १०० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. आरंभी काटे बारावर ठेवावेत. भार सुटला की घड्याळही थांबते आणि सकाळी काटे वाचून गणित करता येते.

६. परीक्षा व तिचा अन्वय

७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी घेतली, तर तिच्यावरचा आकडा बहुधा २० तासांच्या मानाने दिलेला असतो, म्हणजे ०.३५ अँपिअर प्रवाह २० तास. ही बॅटरी ०.३५ अँपिअरवर ११ तासांतच १०.५ व्होल्टला आली, तर तिची शिल्लक क्षमता ३.८५ अँपिअर-तास, म्हणजे मुळाच्या ५५ टक्के आहे. ८० टक्क्यांखाली उतरलेली बॅटरी बदलावी असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र हीच परीक्षा २ अँपिअरवर केल्यास नवी बॅटरीदेखील ७ अँपिअर-तास देणार नाही. प्रवाह वाढला की शिसे-आम्ल बॅटरीतून मिळणारी एकूण वीज घटते. हा संबंध पॉयकर्ट यांनी १८९७ साली मांडला. तेव्हा परीक्षेचा निकाल नोंदविताना प्रवाहाचा उल्लेख नसेल, तर तो निकाल अर्थहीन होय.

पॉवर बँकेच्या बाबतीत आकड्याचा अर्थच वेगळा असतो. तिच्यावर लिहिलेले १०,००० मिलिअँपिअर-तास हे आतील ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. त्यांची ऊर्जा ३७ वॉट-तास होते. बाहेर ५ व्होल्ट मिळतात, म्हणून तेथे ७.४ अँपिअर-तासच संभवतात आणि दाब वाढविणाऱ्या मंडलाची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास सुमारे ६.३ उरतात. ०.५ अँपिअरच्या भारावर अशी पॉवर बँक साडेबारा तास चालली, तर ती प्रामाणिक आहे. सात तासांतच थांबली, तर लेबलावरील आकडा जवळजवळ दुपटीने फुगविलेला आहे, अथवा तिचे सेल जुने झाले आहेत. पॉवर बँक स्वतःच बंद होत असल्याने येथे १०.५ व्होल्टचा विभाजक काढून ठेवावा आणि ऋण आगमन थेट ५ व्होल्टच्या तारेला जोडावे. पॉवर बँक बंद पडताच घड्याळ थांबते. लहान प्रवाहावरची परीक्षाही करावी. भार अत्यल्प दिसला की फोन भरला असे समजून काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. ध्वनिमुद्रक थोडीच वीज घेत असल्यामुळे अशी पॉवर बँक भरलेली असूनही मुद्रण मध्येच तोडते.

स्थिर-प्रवाह परीक्षेची एक मर्यादा येथे नमूद करावयास हवी. पुष्कळ ध्वनिमुद्रकांत दाब बदलणारे अंतर्गत मंडल असते. त्यांची गरज स्थिर शक्तीची असते, म्हणजे सेल उतरू लागले की ते अधिक प्रवाह ओढतात. त्यामुळे प्रत्यक्ष मुद्रणाचा काळ परीक्षेत मिळालेल्या काळाहून थोडा कमीच धरावा.

७. गुणगुण आणि महाप्राण

बॅटरी मध्येच बसली तर निदान कळते तरी. पुरवठ्याचा दुसरा दोष कळतसुद्धा नाही, आणि तो संशोधनाला अधिक घातक आहे.

रोहित्र, एकदिशकारक, धारित्र व ५ व्होल्टचा ७८०५ नियामक असलेला जुन्या पद्धतीचा अ‍ॅडॅप्टर उदाहरणासाठी घ्यावा. ९ व्होल्टच्या रोहित्राचे शिखर १२.७ व्होल्ट येते, दोन डायोडांत १.४ जातात, उरतात ११.३. धारित्र ४७०० मायक्रोफॅरडचे असेल, तर १ अँपिअर प्रवाहाला दर शिखरामागे दाब सुमारे २.१ व्होल्टने खचतो आणि तळ ९.२ व्होल्टवर राहतो. नियामकाला ७ व्होल्ट पुरतात, म्हणून निर्गमन स्वच्छ असते. आता वाहिनीच्या टोकाच्या पाड्यावर दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट आहे असे समजावे. शिखर ८.६ वर येते आणि १ अँपिअरला तळ ६.४ वर. नियामक दर शिखरामागे एकदा तोल सोडतो आणि पुरवठ्यात सेकंदाला १०० वेळा खळगा पडतो. याच १८० व्होल्टला प्रवाह ०.१ अँपिअर असता, तर तळ ८.४ वर राहून काहीच बिघडले नसते. म्हणजे दोष दिसण्यास कमी दाब व पुरता भार ही दोन्ही कारणे एकत्र यावी लागतात. विभागाच्या खोलीत, पूर्ण दाबावर व भाराविना, हा अ‍ॅडॅप्टर निर्दोषच ठरेल.

१०० हर्ट्झची ही गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरली की ती पुरुषाच्या आवाजाच्या मूळ कंपनसंख्येच्या प्रदेशात येऊन बसते. 'नाणे' व 'न्हाणे' यांत जो भेद आहे तो सश्वास नासिक्याचा आहे. असा सश्वास उच्चार मोजण्याची एक प्रचलित रीत म्हणजे पहिल्या व दुसऱ्या संवादी कंपनांच्या तीव्रतेतील अंतर पाहणे. वक्त्याचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असेल, तर गुणगुण पहिल्या संवादीत मिसळून तो फुगवू शकते. मग एखाद्या ठाकूर वक्त्याच्या साध्या नासिक्यालाही सश्वास ठरविले जाईल, आणि तो गुण बोलीचा नसून अ‍ॅडॅप्टरचा असेल. १०० हर्ट्झचा भाग नंतर गाळून टाकावा, तर वक्त्याचा मूळ स्वरही त्याबरोबर जातो. दोष उगमापाशीच पकडावा लागतो.

त्यासाठी ऑसिलोस्कोप नसला तरी चालतो. ध्वनिमुद्रकाच्या मायक्रोफोनच्या जागी १५० ओहमचा रोधक जोडावा, ध्वनिमुद्रक परीक्षणीय अ‍ॅडॅप्टरवर चालवावा, आणि त्याच अ‍ॅडॅप्टरवर इलेक्ट्रॉनिक भार समांतर लावून प्रवाह क्रमाने ०.१, ०.५ व १ अँपिअर करीत प्रत्येकी मिनिटभर मुद्रण करावे. अ‍ॅडॅप्टरच्या क्षमतेबाहेर मात्र जाऊ नये. बोएर्स्मा व वेनिंक यांच्या 'प्रात' या आज्ञावलीत त्या मुद्रणाचा वर्णपट पाहिल्यास १००, २०० व ३०० हर्ट्झवर सुळके दिसतात किंवा दिसत नाहीत. भाराचे मंडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्याने दिसलेली गुणगुण त्याच्याकडून आली नाही, याची खात्री राहते. नव्या पद्धतीच्या स्विचिंग अ‍ॅडॅप्टरची परीक्षा लहान प्रवाहावर अवश्य करावी. मोठ्या भाराखाली त्याची कंपने श्रवणमर्यादेपलीकडे असतात, पण भार अल्प झाला की तो थांबत-थांबत काम करतो आणि त्या थांबण्याची गती ऐकू येणाऱ्या टप्प्यात उतरू शकते.

८. समारोप

या उपकरणाच्या साहाय्याने प्रत्येक बॅटरीच्या व अ‍ॅडॅप्टरच्या नावे एक लहानशी नोंदवही ठेवता येते. परीक्षेचा दिनांक, प्रवाह, काळ, मिळालेले अँपिअर-तास आणि वर्णपटातील सुळके एवढी पाच कलमे तीत पुरे आहेत. अशी नोंद मुद्रणासोबत जतन केली, तर पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक त्या मुद्रणातील आवाजावर कितपत विश्वास ठेवावा हे स्वतः ठरवू शकेल. १९०५ च्या नमुन्यांबाबत आजच्या अभ्यासकाला ती सोय नाही. आसनगाव स्थानकावर उतरून पाड्याची वाट धरणाऱ्या किंवा कल्याणहून मुरबाडची एस. टी. पकडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पिशवीतील बॅटरी किती तास चालेल, हे निघण्यापूर्वी आकड्यात सांगता येईल इतपत जाणून घ्यावे. वीटभट्टीवरून परतलेल्या वक्त्याने दिलेला वेळ त्याच्या कष्टाच्या दिवसातून काढलेला असतो. तो वाया जाऊ न देण्याची जबाबदारी मुद्रण करणाराची आहे.